आडी अठराला शिवकाशीत

३१ जुलै २०२५ : सोलापूरहून निघालो

पुढच्या वर्षीची कॅलेंडरं आम्ही प्रेसवाले श्रावणातच बघून ठेवतो. पतसंस्था, सराफ, किराणा दुकानदार, गल्लीतला डॉक्टर ही मंडळी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऑर्डर देतात, आणि त्यांच्यापुढे टाकायला नमुन्यांचा जाडजूड अल्बम लागतो. तो येतो तमिळनाडूतल्या शिवकाशीहून. सोलापूर, लातूर, सांगलीकडच्या छोट्या प्रेसवर ‘कॅलेंडर छापून मिळतील’ अशी पाटी दिसते ना, तिथं खरी छपाई होते फक्त खालच्या पट्टीची. दुकानाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि फार तर ‘आमची कोठेही शाखा नाही’. वरची लक्ष्मी, मधल्या तारखा, डोक्यावरची टिनची पट्टी, सगळा माल शिवकाशीचा.

इतकी वर्षं हा अल्बम एजंटाकडून घेत आलो. यंदा स्वतः जायचं ठरवलं, कारण जूनमध्ये एका जुन्या गिऱ्हाइकानं काउंटरवर मोबाइल ठेवला आणि व्हॉट्सॲपवर आलेला शिवकाशीचा थेट दर दाखवला : नावासकट छापून, घरपोच. म्हणजे आमची ती दोन इंची पट्टीसुद्धा तिकडेच छापली जाणार. मग बघून तरी यावं.

बरोबर आमचे बाइंडर काका. वडिलांच्या वेळेपासून प्रेसमध्ये आहेत. जुजबंदीची पुस्तकं हातानं शिवणारे सोलापुरात जे थोडे उरलेत, त्यांतले एक. घरची बोली तेलुगू, बाजारातली मराठी, आणि मशीनशी बोलताना शिव्या दोन्ही भाषांतल्या. “तू दर बघ, मी बांधणी बघतो,” एवढ्या अटीवर ते तयार झाले.

नागरकोइल एक्सप्रेस सोलापूरला पहाटे येते. दिवसभर खिडकीतून रायचूर, गुंटकल असं सगळं रखरखीत. काकांनी डब्यातल्या शेंगाचटणी-भाकरीवर दिवस काढला आणि समोरच्या प्रवाशाच्या डायरीचं बाइंडिंग उलगडून त्याला दोष दाखवले. त्यानं ते मागितले नव्हते.

१ ऑगस्ट : मदुराई, मग शिवकाशी

मदुराईहून शिवकाशी साधारण सत्तर किलोमीटर. बस विरुधुनगरकडे वळली की काळी कोरडी जमीन, वेड्या बाभळीची रानं आणि फटाक्यांच्या दुकानांचे भले मोठे फलक. ऐन पावसाळ्यात हवा अशी की धुतलेला शर्ट तासाभरात वाळावा. या गावाचं भांडवल तेच. पाऊस कमी म्हणून शेती जेमतेम, आणि पाऊस कमी म्हणूनच काडेपेटी, फटाका आणि छपाई. दारू सादळत नाही, कागद ओल धरत नाही, शाई लवकर वाळते. आपल्याकडे जुलैत चार रंगांचं काम काढा, कागद वळतो, एक रंग दुसऱ्यावर बसत नाही आणि प्रिंटर रजेवर जातो.

छपाई इथं आली तीही काडेपेटीच्या मागून. १९२२ मध्ये षण्मुग नाडार आणि अय्या नाडार हे दोघे भाऊबंद काडेपेटीचा धंदा शिकायला कलकत्त्याला गेले आणि परत येऊन त्यांनी इथं कारखानदारी उभी केली. पेटीवर लेबल लागतं, फटाक्याच्या पुडक्यावर लागतं. ते बाहेरून आणण्यापेक्षा इथंच छापलं तर बरं, म्हणून लिथोची, म्हणजे दगडावरून छापायची, यंत्रं आली. लेबल छापणारा देवाची तसबीर छापू लागला, तसबिरीखाली तारखा आल्या, पुढे वह्या, डायऱ्या, लग्नपत्रिका, शाळेची पुस्तकं. नेहरूंनी या गावाला ‘छोटा जपान’ म्हटलं होतं, असं इथला रिक्षावालासुद्धा सांगतो.

फटाक्यांची दुसरी बाजूही लगेच कळते. महिन्यापूर्वी, १ जुलैला, शिवकाशीजवळच्या एका फटाका कारखान्यात स्फोट होऊन कामगार मेले होते. लॉजवाल्यानं ते सांगितलं आणि पुढं म्हणाला की म्हणून तर मुलाला प्रेसमध्ये लावलाय. तिथं फार तर बोट जाईल. कटिंग मशीनवर बोट गमावलेला माणूस आमच्याही गल्लीत आहे, त्यामुळे यावर हसू आलं नाही.

रात्री परोटा खाल्ला. विरुधुनगरकडचा तेलात तळलेला परोटा कुरकुरीत असतो, रस्सा तिखट. काकांचं मत : आपली कडक भाकरी ती कडक भाकरी.

२ ऑगस्ट : छापखान्यात, बांधणीखात्यात

इकडं मालकाला ‘अण्णाची’ म्हणायचं. आमची ज्यांच्याशी फोनाफोनी झाली होती ते अण्णाची हिंदी मोजकंच बोलतात, पण धंद्यापुरतं सगळं येतं : जीएसएम (कागदाचं वजन), रीम (कागदाचा गठ्ठा), रेट, उधारी नाही.

प्रेसमध्ये चार रंगांची ऑफसेट यंत्रं, बरीचशी जपान-जर्मनीहून वापरून आलेली, पण राखलेली अशी की इंजिनिअरनं बघत राहावं. निगेटिव्ह, मास्किंग हे फिल्मवरून प्लेट करायच्या काळातले शब्द इथल्या पोरांना माहीतच नाहीत. कॉम्प्युटरवरून थेट प्लेट. कागदाच्या थप्प्यांवर टीएनपीएलचा शिक्का. करूरजवळची ही तमिळनाडू सरकारची गिरणी उसाच्या चिपाडापासून कागद करते. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके, पण आमचं चिपाड बॉयलरमध्ये जातं. अण्णाचींना हे सांगितलं तर म्हणाले, “मग कागद तुम्हीच स्वस्त द्यायला पाहिजे होता.” बरोबरच आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो फिनिशिंगच्या शेडमध्ये. तमिळ घरात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर लागतंच : मोठा तारखेचा आकडा, राहुकाळ, यमगंड (तीही अशुभ वेळच), चांगली वेळ. एका मोठ्या कागदावर पुष्कळ तारखा एकदम छापतात, कापतात आणि मग क्रमानं रचतात. ते रचणं बायका हातानं करतात. एक बाई लांब टेबलाच्या कडेनं चालत होती. टेबलावर तारखांच्या थप्प्या ओळीनं मांडलेल्या, उजव्या हाताच्या बोटात रबरी टोपण. प्रत्येक थप्पीवरून एकच पान उचलायचं, डाव्या हातातल्या गठ्ठ्यावर टाकायचं, पुढं सरकायचं. नजर थप्प्यांवर नव्हतीच, मैत्रिणीशी गप्पा चालू. मध्येच ती थांबली, दोन पानं चिकटून आली होती. अंगठ्यानं एक मागं सारलं आणि वाक्य होतं तिथून पुढं. काकांनी तिचा एक तयार गठ्ठा घेऊन पाहिला, कडेनं फुंकर मारून पानं उलगडली, मान हलवली आणि ठेवून दिला. ही त्यांच्याकडून मिळणारी सर्वोच्च पदवी. रोजंदारी नाही, हजारी दर आहे. हजाराला किती ते मी विचारलं. अण्णाचींना ते तेवढं ऐकू आलं नाही.

पलीकडे बारा पानी कॅलेंडरांना टिन मारणं चालू होतं. पायाचं मशीन, एका दाबात पत्र्याची पट्टी कागदाला चावते आणि मधे अडकवायची कडी बसते. वायरोची, म्हणजे तारेच्या कड्यांच्या बांधणीची, मशीनंही आहेत, टेबल कॅलेंडरं सगळी वायरोवर गेली. पण भिंतीवरच्या मालाला टिनच मागतात, कारण वायरोचा भाव पतसंस्थेच्या चेअरमनला पटत नाही.

पुस्तकांच्या खात्यात काकांना माणूस सापडला. या भागात तेलुगू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फोल्डिंग मशीनवरचा फोरमन त्यांतला निघाला. त्याची तेलुगू आणि सोलापूरची तेलुगू यांत बरंच अंतर, तरी दोघं अर्ध्या तासात एकमेकांच्या धंद्याच्या खोड्या काढू लागले. फर्म्यांच्या (घडी घातलेल्या छापील कागदांच्या) पाठीवर छापलेल्या काळ्या खुणा त्यानं दाखवल्या : प्रत्येक फर्म्याची खूण आधीच्यापेक्षा थोडी खाली, म्हणजे गठ्ठा जुळवला की कण्यावर तिरपी पायरी दिसते. पायरी तुटली की समजायचं, एक फर्मा गळला किंवा दोनदा आला. हे आमच्याकडेही होतं, पण हल्ली पीडीएफ पाठवणारी मुलं ती खूण ‘घाण दिसते’ म्हणून पुसून टाकतात.

मग विषय निघाला गोंदाचा. परफेक्ट बाइंडिंगला, म्हणजे न शिवता कणा चिकटवायच्या बांधणीला, आजवर चालत आलेला हॉटमेल्ट हा वितळवून लावायचा गोंद स्वस्त आणि झटपट; मशीनमधून पुस्तक बाहेर पडलं की लगेच कापता येतं. पण सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेलं पुस्तक उघडून बघा, कणा मऊ पडलेला असतो. गुळगुळीत आर्टपेपरवर तर त्याची पकडही कमी. म्हणून आता जाड, महाग पुस्तकांना पीयूआर, म्हणजे पॉलियुरेथेनचा गोंद. थर पातळ लागतो, पुस्तक सपाट उघडतं, पानं ओढून निघत नाहीत. फक्त तो नुसता थंड होऊन भागत नाही, हवेतला ओलावा घेऊन पिकावा लागतो. पुरा पिकायला साधारण एक दिवस. आणि शिवकाशीची हवा कोरडी! ज्या हवेवर गावाची शाई शंभर वर्षं वाळली, तीच या नव्या गोंदाला पुरत नाही. फोरमन सांगत होता की उन्हाळ्यात पीयूआरचा माल लगेच पॅक करत नाहीत, खोलीत ओल राखतात आणि दुसऱ्या दिवशी पान ओढून बघतात. काकांना याचा विलक्षण आनंद झाला. “खळीला आणि दोऱ्याला असलं काही लागत नाही,” ते मराठीत म्हणाले, मग तेच तेलुगूत.

मी जुजबंदीची बाजू घेणारा नाही. दोन हजार प्रतींचं पाठ्यपुस्तक हातानं शिवत बसलो तर शाळा सुटेल. पण ग्रंथालयात पन्नास वर्षं टिकायचं पुस्तक शिवूनच बांधलं पाहिजे, हे मात्र पटलेलं आहे. इथंही मोठ्या यंत्रावर दोरा चालू होता, परदेशी जाणाऱ्या मालासाठी. देशातला प्रकाशक दोऱ्याचे पैसे देत नाही.

३ ऑगस्ट : आडी अठरा

तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस. कावेरीला पाणी चढतं म्हणून नदीकाठी आडीपेरुक्कु साजरं होतं. शिवकाशीला नदीचं कौतुक नाही, इथं या दिवशी पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरांचे अल्बम बाहेर पडतात. आडीत तमिळ लोक लग्नं लावत नाहीत, त्यामुळे लग्नपत्रिकांचं काम बंद, यंत्रं मोकळी. मुहूर्त चांगला आणि मशीनही रिकामं.

सकाळी पूजा, हळद-कुंकू लावलेला पहिला अल्बम, नारळ. मग तमिळनाडूभरचे एजंट अल्बमावर तुटून पडले. २०२६ ला तमिळनाडूत विधानसभेची निवडणूक, त्यामुळे नेत्यांचे फोटो टाकायला मोठी जागा असलेले नमुने पुढच्या पानांवर. देव आतल्या पानांवर गेले होते, तात्पुरते. यंदाचा कल म्हणाल तर सोनेरी फॉइल जास्त, चकचकीत यूव्हीचा लेप जास्त, आणि पट्टीत क्यूआर कोडची चौकट आधीच आखलेली. डायऱ्यांचं टेबल मात्र ओसाड. एका एजंटानं सांगितलं, कंपन्या डायरी देत नाहीत, दिली तर लोक लिहीत नाहीत.

मला रस होता मराठी मालात. शिवकाशीत सगळ्या भाषांची कॅलेंडरं होतात. ऑपरेटरला लिपी यायची गरज नाही, फाइल आली की झालं. इथंच घोळ होतात. गेल्या साली एका एजंटाकडून आमच्याकडे आलेल्या मालात महिने उत्तरेकडचे, पौर्णिमेला संपणारे होते. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो. कृष्ण पक्षातल्या प्रत्येक तारखेला महिन्याचं नाव चुकलेलं, आणि गिऱ्हाइकानं माल परत पाठवला तो आमच्या दारात. दाते पंचांगाच्या गावात असला माल कोण भिंतीला लावणार?

म्हणून यंदा प्रूफ मागून घेतलं. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. प्रूफमध्ये अधिक मास बरोबर टाकला होता, आणि ३१ मेच्या पौर्णिमेला ठसठशीत अक्षरात ‘वटपौर्णिमा’. झालं! वटपौर्णिमा अधिक संपल्यावरच्या निज ज्येष्ठात, म्हणजे २९ जूनला. अण्णाचींना समजावताना घाम फुटला. पौर्णिमा, ज्येष्ठ, दोन्ही जुळत होतं. त्यांच्या दृष्टीनं चूक नव्हतीच. शेवटी मी सांगितलं की हे असंच छापलंत तर महाराष्ट्रातल्या बायका महिनाभर आधी वडाला दोरा गुंडाळतील आणि शिव्या देतील तुमच्या फर्मला. ते ताबडतोब कळलं. संगणकावरच्या मुलानं तिथल्या तिथं बदललं. मग मी प्रत्येक संकष्टीची चंद्रोदयाची वेळ तपासत बसलो, कारण आपल्याकडे कॅलेंडर हातात आलं की घरातलं माणूस पहिल्यांदा तीच बघतं. वेळ मुंबईची असली तर सोलापूरकर नाक मुरडतो.

जेवताना अण्णाचींना गणपत कृष्णाजींची गोष्ट सांगितली. मुंबईत १८३१ मध्ये त्यांनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला शिवेनात. मग त्यांनी तुपाची शाई केली. अण्णाचींनी लगेच विचारलं, “तूप घालून परवडलं?” या माणसाशी धंदा करायला हरकत नाही असं मला तेव्हा वाटलं.

मग मुद्द्याचं बोलणं. पट्टी कोण छापणार? ते म्हणाले, हजाराच्या वर असेल तर आम्ही नावासकट देतो, चार रंगांत, कुरिअरसकट. तुम्ही एका रंगात पट्टी छापता ती शेजारी फिकी दिसते. खरं आहे. मी म्हटलं, शंभर-दोनशेचं गिऱ्हाईक? ते तोंड फिरवून पान लावायला लागले. तर आमचं पोट त्या शंभर-दोनशेत आहे. दुकानदार डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, दीडशे कॅलेंडरं मागतो, सकाळी नंबर बदलतो आणि संध्याकाळी माल नेतो. हे काम बाराशे किलोमीटरवरून होत नाही. हजाराच्या वरचं काम मात्र जाणार, आज नाही तर दोन वर्षांत. त्यासाठी त्यांच्याशी भांडण्यापेक्षा त्यांचाच माल मराठी पंचांग तपासून आपण घ्यावा आणि आसपासच्या प्रेसना द्यावा, असा हिशोब मी तिथंच वहीत मांडला.

४ ऑगस्ट : वाटेत

श्रीविल्लिपुत्तूरचा पालकोवा (दुधाची मिठाई) घेतला, सोलापूरपर्यंत टिकला नाही. कोविलपट्टीला जायचं राहिलं. तिथं कोंडय्या राजू (१८९८–१९७६) राहत; शिवकाशीच्या कॅलेंडरांवरचे कित्येक देव त्यांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या हातचे. आमच्या देवघरातली चित्रं दोन वाटांनी आली म्हणायची : एक ही, आणि दुसरी रवि वर्म्यांच्या छापखान्याची, जो १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मळवलीचा जळाला. शिवकाशीचा चालू आहे. मदुराई, तिरुच्चिरापल्ली करत रात्री तंजावर.

५ ऑगस्ट : तंजावर

एवढं खाली आलो आणि तंजावर न बघता जायचं, हे मराठी छापखानेवाल्याला शोभलं नसतं. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी महाराज यांनी इथं देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावलि’ हे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं. विल्यम केरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, त्याच्या एकच वर्ष आधी निघालेलं. पुण्या-मुंबईत मराठी छपाईचा जम बसण्याच्या कितीतरी आधी ती कावेरीच्या खोऱ्यात चालली होती. ते पुस्तक बघायला मिळेल अशी आशा होती. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या पर्यटकांसाठीच्या दालनात ते मांडलेलं दिसलं नाही. ताडपत्रं, चित्रं, नकाशे, हस्तलिखितं मात्र मन भरून पाहिली. काका ताडपत्राच्या पोथीसमोर बराच वेळ उभे. दोन लाकडी फळ्या, एक भोक, एक दोरी. “ह्याला गोंद नाही,” एवढंच बोलले. गोंदाचा विषय त्यांनी शिवकाशीपासून सोडलेला नव्हता.

दुपारी बृहदीश्वराच्या आवारात, भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास वाचायचा प्रयत्न केला. मराठी, देवनागरी, दगडावर ओळीमागून ओळी. काही ओळी सहज लागतात, काही अजिबात नाहीत. शेजारी एक तमिळ शाळकरी मुलगा वडिलांना विचारत होता हे काय लिहिलंय. त्यांना येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं.

परतल्यावर

अल्बम कुरिअरनं पोचला. वटपौर्णिमा २९ जूनलाच आहे, बघून घेतली. नमुन्यांचे पैसे आमच्याकडून आधी घेतले होते, ऑर्डर दिल्यावर वळते केले.

तोवर कराचं गणित बदललं. २२ सप्टेंबरपासून वहीवरचा जीएसटी शून्य झाला, वर्तमानपत्रांत मथळे आले, पालक खूश. वहीसाठीच्या कागदालाही सूट, पण बाकी लिहिण्या-छापण्याचा कागद १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. कागद तोच, रीम तीच. वहीला गेली तर शून्य, पुस्तकाला गेली तर अठरा. गिरणीनं कोणत्या रिमेवर काय लिहायचं? पुस्तकावर कर नाही, म्हणजे कागदावर भरलेला कर परत मिळत नाही, तो किमतीत जातो. आमच्याकडे कवितासंग्रह स्वतःच्या खर्चानं काढणारे दोन शिक्षक आहेत. त्यांना हा फरक समजावून सांगताना मला अण्णाचींना अधिक मास समजावणं सोपं वाटलं. कॅलेंडरवर आधीपासून अठराच आहे, तिथं निदान कागदावरचा कर वळता होतो.

ज्या प्रेसवाल्यांना पुढच्या साली जायचं असेल त्यांच्यासाठी : आडी अठराच्या दोन दिवस आधी पोचा, त्या दिवशी कुणाला बोलायला वेळ नसतो. पंचांगाचा मजकूर आणि चंद्रोदयाच्या वेळा आपल्या गावच्या, टाइप करून न्या. टिनची कडी हातानं ओढून बघा. आणि पीयूआरचं पुस्तक त्याच दिवशी हातात दिलं तर घेऊ नका, दुसऱ्या दिवशी मागा.